नावाडणीचे रंग

९ जानेवारी

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा वहीशी घाला." घालतो.

आज चित्रपट संग्रहालयात गेलो. पूर्वी ते पोस्टाचं गोदाम होतं. खालच्या मजल्यावर जादूचे कंदील, हाताने फिरवायचे कॅमेरे, कपाटाएवढे रेडिओ आणि ज्यांच्यापुढे अख्खी आळी जमायची ते पहिले टीव्ही. शाळेची पोरं जुन्या टेपरेकॉर्डरवर आपापला आवाज ऐकून खिदळत होती. वरच्या मजल्यावर रंगाचं दालन व्हायचंय. तिथे आमच्या फिल्म धुण्याच्या लॅबचं रंगदुरुस्तीचं यंत्र मांडलंय, ज्यावर मी सव्वीस वर्षं बसलो. समोर दोरी बांधलीय. दोरी ओलांडून हात लावला तर पहारेकरी धावत आला. म्हटलं, "अरे बाबा, या बटणाची ही बाजू झिजलीय ना, ती माझ्या अंगठ्याने झिजलीय." तो म्हणाला, "असेल. पण हात लावू नका."

संचालकांनी काम सांगितलं. नदीवर नाव चालवणाऱ्या बाईचा एक सिनेमा आमच्या लॅबमधून निघाला होता. आम्ही त्याला नुसतं 'नावाडीण' म्हणायचो. रंगांसाठी तेव्हा फार नावाजला गेला. त्याची आता एकच प्रत उरलीय आणि तीही लाल पडलीय. नदी, आकाश, माणसं, सगळं विटेच्या रंगाचं. संगणकावर तिचे रंग परत आणायचेत, पण ते मुळात कसे होते हे आठवणारा माणूस हवा. "काका, तुम्ही एकटेच उरलात," ते म्हणाले. ऐकून बरंही वाटलं आणि नाहीही. सात रिळं आहेत, आणि पंधरा एप्रिलला दालन उघडायचंय.

संगणकावर तिशीतली एक बाई आहे. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मी तिचं नाव चष्मिस ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात. असल्या डोळ्यांवर रंगांचं काम सोपवणाऱ्याची कमाल आहे.

१३ जानेवारी

रंगदालनाच्याच एका कोपऱ्यात काम सुरू झालं. पद्धत माझीच. प्रत्येक शॉटला तीन दिवे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाचा एक ते पन्नासमधला आकडा कार्डावर त्याच्या त्याच्या रकान्यात लिहायचा. पंचवीस-पंचवीस-पंचवीस म्हणजे आहे तसंच. बाकी सगळा नजरेचा खेळ. मी पडद्याकडे बघून कार्डावर आकडे लिहितो, चष्मिस ते संगणकाच्या भाषेत उतरवते.

सकाळी तिने शीतगृहातून एक डबी आणली. आत आमच्या लॅबची नमुन्याची पट्टी! ही पट्टी प्रत्येक रिळाच्या तोंडाशी जोडलेली असे. त्यावर एक मुलगी, शेजारी पांढरा, करडा आणि काळा असे तीन चौकोन. मुलीच्या कातडीचा रंग बरोबर उतरला की रीळ बरोबर. फिल्मच्या वाळवणीच्या खोलीत काम करणाऱ्या एका मुलीला मास्तरांनी त्यासाठी उभं केलं होतं. मास्तर म्हणजे माझे गुरू, लॅबचे मुख्य रंगदुरुस्तीकार. आणि ती मुलगी म्हणजे ही. लोक एकदा फोटो बघून लग्न करतात. मी हिचा चेहरा लग्नाआधी हजारदा धुऊन, वाळवून, तपासून घेतला होता.

पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि मन खट्टू झालं. ही पार पिवळी दिसत होती, कावीळ झाल्यासारखी. पांढरा चौकोन तर चहा सांडलेल्या टेबलक्लॉथसारखा. चष्मिस म्हणाली, "काका, ही कायम थंडीत होती. हिचा रंग उडालेला नाही." मी म्हटलं, "बाई, हिच्याशी मी चाळीस वर्षं संसार करतोय. हिचा रंग माझ्या डोळ्यांत आहे. पट्टी बाद, ठेवून द्या." तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, "बरं काका."

गुणी पोर आहे. वाद घालत नाही.

२२ जानेवारी

हिने काळी लोकर आणायला सांगितली होती. आणली. तर म्हणते ही निळी आहे. दुकानदाराने फसवलं असणार, हल्ली कुठल्याच दुकानात धड दिवे नसतात. पायातल्या मोज्यांवरही बोट ठेवलं, एक काळा आणि एक निळा म्हणे. सव्वीस वर्षं ज्याने रंगांवर पोट भरलं त्याला ही रंग शिकवणार.

पहिली दोन रिळं झाली.

२ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. रंगदालनाच्या पाट्या छापून आल्यात. काचेच्या पेटीत 'नावाडीण'ची जुनी कार्डं मांडलीत, आणि खाली पाटी: रंगदुरुस्ती, मास्तरांचं नाव. बस, एवढंच. माझं कुठेच नाही.

आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो, हिच्याजवळसुद्धा नाही. आज संचालकांना पत्र लिहून दिलं. इथे त्याची नक्कल ठेवतो.

"मास्तरांविषयी मला पूर्ण आदर आहे. पण खरं ते खरं. 'नावाडीण'च्या वेळी त्यांची नजर गेलेली होती. निळा रंग तर त्यांना कळतच नसे. ते घरी गेले की त्यांची कार्डं मी दुरुस्त करत असे. नशिबाने त्याच वर्षी त्यांनी शाईचं पेन सोडून पेन्सिल धरली होती, त्यामुळे खोडलेलं लक्षात येत नसे. शेवटच्या, म्हणजे पहाटेच्या रिळात तर ते निळ्याचा रकाना भरायलाच विसरले. तो मी सबंध भरला. त्या पहाटेचंच सगळ्यांनी कौतुक केलं. मास्तरांना या कशाचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. 'नावाडीण'चे रंग माझे आहेत. पाटीवर तसं यावं."

पत्र दिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. जिना उतरताना मात्र मास्तर समोर येत राहिले. डबा खाताना अर्धा डबा माझ्यापुढे सरकवायचे, आणि वर म्हणायचे, "खा, नाहीतर आकडे उपाशी येतात." पण मी खोटं तर काही लिहिलं नाही.

१८ फेब्रुवारी

संचालकांनी बोलावलं. म्हणाले, संग्रहालयाच्या समितीला पत्र वाचून दाखवलं, सगळ्यांना पटलं, जुनी पाटी काढतोय. नवीन पाटीवर नुसतं माझं नाव. मास्तरांचं ठेवलं तर गोंधळ होईल म्हणे. मी म्हटलं, "त्यांचंही राहू द्या की एका कोपऱ्यात." ते म्हणाले, "काका, नजरच नव्हती म्हणता, मग कशाबद्दल ठेवायचं?"

मी कामावर परत गेलो.

हिला पाटीचं सांगितलं, पत्राचं नाही. तिने फक्त विचारलं, "आणि मास्तर?" मी पेपर उघडला. वाचता काही येत नव्हतं, छपाईही हल्ली फिकी करतात.

चार रिळं झाली. चष्मिस संध्याकाळी माझ्यानंतर तासभर थांबते. मी विचारलं, काय करतेस एवढा वेळ? "साफसफाई, काका. फिल्मवरचे ओरखडे वगैरे." कष्टाळू आहे.

५ मार्च

आज हिला संग्रहालय दाखवायला नेलं. चांगला दिवस जाईल असं वाटलं होतं.

खालचा मजला हिला फार आवडला. रेडिओच्या कपाटापाशी उभी राहून म्हणाली, "याच्यावर आमची मांजर झोपायची, ऊब असायची ना." वर आलो तेव्हा चष्मिस जेवायला गेली होती. मी म्हटलं, थांब, गंमत दाखवतो. संगणकावर 'काका' नावाचा कप्पा असतो तेवढं मला ठाऊक आहे. तो उघडला, पहिल्या रिळाच्या तोंडची नमुन्याची चौकट लावली. भिंतीएवढी ही, वीस वर्षांची, मी रंग दिलेली. मला तर भरून आलं.

ही भिंतीजवळ गेली. मग म्हणाली, "अहो, मी पाण्यातून वर काढल्यासारखी का दिसतेय?"

"म्हणजे?"

"निळी. ओठसुद्धा निळे. बुडालेलं माणूस असतं तसं."

मी चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. बोलायला नको होतं तेच बोललो: तुला रंगातलं काय कळतं, तू तर नुसती चौकोनाशेजारी उभी राहिली होतीस. तिने पर्स उचलली आणि जिन्याकडे गेली. तेवढ्यात चष्मिस आली, भिंतीकडे बघून तिचा चेहरा उतरला. पटकन जाऊन पडदा बंद केला. तिला लाज वाटली असणार, यंत्र नीट लावून ठेवलं नव्हतं म्हणून. मी तिला तसं ऐकवलंही. ती "हो काका, चूक झाली" म्हणाली.

७ मार्च

ही दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. जेवण वाढते, ताट जरा जोरात ठेवते.

११ मार्च

संग्रहालयाच्या जिन्यावर पडलो. शेवटची पायरी दिसलीच नाही, मला वाटलं जमीन आली. गुडघा सुजलाय. पहारेकऱ्याने उचललं, तोच तो दोरीवाला.

हिने अबोला मोडला आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टर म्हणाली. मी म्हटलं, "काम." ती हसली. मग मी विचारलं, रंगांवर याचा काही परिणाम? ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पिवळी काच लावून जग बघताय. हळूहळू चढते ना, म्हणून कळत नाही. निळा तर आत पोचतच नसेल."

मी म्हटलं, सामान्य माणसाचं तसं होत असेल. आमची नजर सरावाची असते. डॉक्टरने हिच्याकडे पाहिलं. हिने तिच्याकडे पाहिलं. बायकांचं असं बघणं मला मुळीच आवडत नाही.

डावा डोळा वीस तारखेला, उजवा महिनाभराने.

२१ मार्च

डाव्या डोळ्याची पट्टी काढली.

अर्धं पान कोरं ठेवून बसलो होतो. काय लिहू? भिंत पांढरी आहे. मी दोन वर्षं तिला मळकी समजत होतो, रंगाऱ्याला शिव्या देत होतो. खिडकीबाहेर आकाश इतकं निळं की कुणीतरी मुद्दाम लावल्यासारखं. आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघतोय. डाव्याने बघितलं की सकाळ, उजव्याने बघितलं की कंदिलाचा उजेड.

लोकर निळीच आहे. मोजेही हिने सांगितले तसेच. मग हिच्याकडे पाहिलं. आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्याने. हुबेहूब पट्टीवरची मुलगी, फक्त केस पांढरे आणि गालावर सुरकुत्या. तोच रंग. जी पट्टी मी पिवळी म्हणून बाद केली तिच्यावरचा.

म्हणजे पट्टी बरोबर होती. म्हणजे सहाच्या सहा रिळं मी निळी करून ठेवलीत.

भीती वाटतेय. चार आठवडेही राहिले नाहीत आणि पाटीवर माझं एकट्याचं नाव आहे.

२४ मार्च

डॉक्टर नको म्हणत असताना संग्रहालयात गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो: मला माफ करा, सगळं काम पुन्हा करावं लागेल.

वर गेलो तर अंधार करून संचालक आणि समितीची माणसं सहावं रीळ बघत बसलेली. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. उजवा डोळा हाताने झाकला.

नदी नदीच्या रंगाची होती. नावाडणीचे हात उन्हाने रापलेले, शीड धुवट पांढरं. एकही शॉट निळा नव्हता. असं काम मी भरात असतानासुद्धा थोडंच केलं असेल. दिवे लागले, सगळे वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. संचालक म्हणाले, "काका, नजर असावी तर अशी!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर चष्मिसला विचारलं, "केव्हापासून?"

तिने सबब शोधली नाही. "पहिल्या दिवसापासून. पट्टी पिवळी आहे म्हणालात ना, तेव्हाच कळलं. माझ्या आजीचं असंच झालं होतं."

"आणि 'काका' कप्पा?"

"त्यात तुमचे आकडे आहेत तसे ठेवलेत. दुसऱ्या कप्प्यात निळा बदललेला. समितीला तो दाखवते."

अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे अडीच महिने मला वेड्यात काढलंस! मी गेलो की माझी कार्डं..." आणि तिथेच माझी जीभ अडखळली. हे वाक्य मी आधी लिहिलेलं होतं. पत्रात. उलट्या बाजूने.

ती रडवेली झाली होती. "काका, तुम्ही रोज पावणेदहाला येऊन दारात उभे राहता. टाय लावून. मला सांगता आलं नाही. आणि लाल-हिरव्याचा तुमचा एकही आकडा मी बदललेला नाही. ते माझ्याच्याने झालंच नसतं. निळा तेवढा मी पट्टी बघून भरते. तुम्हाला कधीच कळू नये असं मला वाटत होतं."

घरी कसा आलो आठवत नाही.

२५ मार्च

हिला सगळं सांगितलं. निळ्या रिळांचं, पत्राचं, मास्तरांची कार्डं खोडत होतो त्याचं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं एका चहात संपलं. म्हटलं, निदान मास्तरांना कळलं नाही, एवढंच बरं.

ही विणत होती. सुया थांबल्या.

"त्यांना पेन्सिली कोण आणून द्यायचं, माहीत आहे?"

"कोण?"

"मी. वाळवणीच्या खोलीच्या मागच्या दाराने दुकान जवळ पडायचं. मऊ आण म्हणायचे, खोडल्यावर खूण राहायला नको. मी एकदा विचारलं, मास्तर, इतकं खोडता कशाला? म्हणाले, मी नाही खोडत."

मी कप खाली ठेवला.

"मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. त्याचा हात बसतोय, बसू दे. मी शब्द दिला होता. पुढे ते गेले, मग वाटलं आता सांगून तरी काय."

मी म्हटलं, "मग निळ्याचा रकाना?"

"मास्तर काय विसरणारे होते? चहात साखर किती, हे सगळ्या लॅबचं पाठ होतं त्यांना."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो आणि रडलो. हिने येऊन पाठीवर हात ठेवला नाही. बरं केलं.

२७ मार्च

काचेच्या पेटीतली कार्डं चांगल्या डोळ्याने नीट बघितली. आधीच्या सिनेमांची शाईची कार्डं आहेत, त्यांवर मास्तरांचं अक्षर कागदात रुतलेलं. 'नावाडीण'च्या कार्डांवर पेन्सिल नुसती टेकवल्यासारखी. आणि शेवटच्या रिळाच्या कार्डावर लाल आणि हिरवा त्यांच्या हातचे, निळ्याखाली माझे आकडे, वरपासून खालपर्यंत. एकही खोडलेला नाही. खोडायला तिथे काही नव्हतंच.

त्या वेळी माझं वय सव्वीस होतं. मी मनात म्हणालो होतो, म्हातारा चळला.

संचालकांकडे गेलो. म्हटलं, पत्र परत द्या. ते वैतागले. "काका, पाटी भिंतीवर लागली. समितीला आता काय सांगू?" मी म्हटलं, माझे डोळे गेले होते हे सांगा, मास्तरांना सगळं ठाऊक होतं हे सांगा, सहा रिळांतला निळा रंग माझा नाही हेही सांगा. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. सगळं लिहून द्या म्हणाले. तिथेच बसून दिलं. नव्या पाटीवर आधी मास्तर, मग सहायक म्हणून मी, आणि या वेळच्या कामाला चष्मिसचं नाव. होईल की नाही सांगता येत नाही, समितीत माझी शोभा मात्र नक्की होणार.

३ एप्रिल

समितीने मान्य केलं. एक गृहस्थ म्हणाले म्हणे, अशा माणसाच्या आठवणीवर विसंबणंच चूक होतं. त्यांचंही बरोबर आहे.

आज सातवं रीळ, पहाटेचं. मी पावणेदहाला गेलो, टाय न लावता. चष्मिस अवघडून बसली होती. एक डोळा झाकून दिवसभर शॉट बघितले. काळोखातून नदी वर येते, मग शीड, मग बाईचा चेहरा. कार्ड भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिने चष्मा वर ढकलला. "काका, निळा राहिला."

"राहू दे. तो तू भर."

"आता तर दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय."

तिने काचेच्या पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि पहिल्या ओळीत अठ्ठावीस लिहिला. मला एकतीस बरा वाटत होता. मी खुर्चीच्या हातांवर हात ठेवून गप्प बसलो.